सूर्य लेकाच्या दारी, अर्थात हलव्याला काटे कसे आले

चार वेद, सहा शास्त्रे आणि अठरा पुराणे माझ्या जिभेवर नाचतात, हे मी कुणाच्याही ओसरीवर बसून छातीठोकपणे सांगतो. जिभेवरच नाचतात; घशाखाली त्यांतले एकही उतरलेले नाही, एवढे सांगायचे मात्र राहून जाते. संस्कृताशी माझी ओळख पंगतीतल्या श्लोकांपुरती, आणि तीही पानावर भात पडेपर्यंतची. तरी थंडीच्या दिवसांत कुणी हातावर तीळगूळ ठेवला, की ही कथा माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडते. विद्वानांनी ती ग्रंथांत शोधायला जाऊ नये. सापडायची नाही, आणि सापडलीच तर मला कळवावे, मलाही एकदा वाचायची आहे.

तर कृतयुग त्या वेळी नवेकोरे होते. धर्म चारही पायांवर धडधाकट उभा असल्यामुळे देवांना हातावर हात ठेवून बसण्यावाचून काम नव्हते. अशा रिकामपणी ब्रह्मदेवाने आकाशातली बारा राशींची बारा घरे ग्रहांना वाटून दिली. वाटपात जे नेहमी होते तेच झाले. जे सभेत पुढे बसले त्यांना ऐसपैस, उबदार, भरवस्तीतली घरे मिळाली; आणि जो दाराशी मान खाली घालून उभा होता, त्या शनैश्चराच्या वाट्याला दक्षिण टोकाची, वाऱ्याच्या तोंडची, मकर आणि कुंभ ही दोन घरे आली. शनीने तक्रार केली नाही. त्याने मकरात चूल मांडली, भोवतीच्या रानात तीळ पेरले आणि आईला घेऊन तो तिथे राहू लागला.

त्याची आई छाया आणि बाप प्रत्यक्ष सहस्ररश्मी भगवान सूर्यनारायण. सूर्याची पहिली पत्नी संज्ञा पतीचे तेज सोसवेना म्हणून माहेरी गेली, आणि जाताना आपल्या जागी आपली सावलीच घरात ठेवून गेली; तीच ही छाया. त्रैलोक्य उजळणाऱ्या नवऱ्याला घरातली बायको बदलल्याचा पत्ता कितीतरी काळ लागला नाही. वाचक भगिनींनी एवढ्यात हसू नये. घरोघरी काही वेगळे नसते.

छायेला मुलगा झाला तेव्हा देवदुंदुभी वाजल्या, पुष्पवृष्टी झाली, आणि सोन्याच्या पाळण्यात सूर्याने मोठ्या हौसेने डोकावून पाहिले. आत काजळाच्या गोळ्यासारखे काळेभोर बाळ मूठ चोखत पडले होते. सूर्याच्या कपाळावर आठी चढली.

"हा कोळसा," तो म्हणाला, "कुणावर गेला आहे?"

आणि उत्तर ऐकायला तो थांबला नाही. पाळण्याला त्याने पुन्हा हात लावला नाही. छायेने बाळ उचलले, कडेवर घेतले आणि ती त्या लखलखत्या घरातून निघाली. पुढे मुलगा मोठा झाला, पण त्याची मान खालीच राहिली; कारण त्याची नजर ज्याच्यावर पडेल त्याचे वाटोळे होते, अशी ख्याती तिन्ही लोकी पसरली होती. बिचारा आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत, एक पाऊल टाकून दुसऱ्याचा विचार करत, सावकाश चाले. एवढ्या सावकाश की त्याचे शनैश्चर हे नाव कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

घरे वाटून झाली आणि नियम ठरला. सूर्याने वर्षभरात बाराही घरी जावे, प्रत्येक घरी एकेक महिना पाहुणा म्हणून राहावे. घराच्या धन्याने त्याला जेवू घालावे आणि त्याने त्या घरी उजेड द्यावा. स्वारी निघाली. मेष, वृषभ, मिथुन करीत, ठिकठिकाणी आदरसत्कार झोडीत सूर्यनारायण धनू राशीत, देवगुरू बृहस्पतींच्या घरी येऊन पोचले. पुढचे घर मकर. पुढचे घर शनीचे.

बृहस्पतींच्या घरचा पाहुणचार काय वर्णावा! भल्या पहाटे, दिशा उजळण्याच्या आत, मुगाची वाफाळती खिचडी, तिच्यावर लोणकढ्या तुपाची धार, जोडीला वांग्याचे भरीत आणि तव्यावरून थेट पानात उतरणारी बाजरीची भाकरी. महिना संपला. सूर्य उठेना. आज म्हणे घोड्यांना पडसे आहे, उद्या म्हणे रथाचे चाक कुरकुरते आहे. गुरुपत्नीचे हात खिचडी ढवळून दुखू लागले, आणि वाणीचे अधिपती बृहस्पती यांना आयुष्यात प्रथमच, पाहुण्याला कसे घालवावे याचे शब्द सुचेनात.

इकडे पृथ्वीवर काय झाले म्हणता? दिवस आखडत आखडत मुठीएवढा झाला. नद्यांच्या अंगावर बर्फाची साय धरली; कमळे देठांतच गोठली; हंसांनी चोची पंखांत खुपसल्या त्या काढल्याच नाहीत. ज्या आश्रमांत अहोरात्र वेदघोष चाले तिथे आता दातांवर दात वाजत होते, आणि शिष्यांना दोन्हींतला फरक कळत नव्हता. अरणी घासून अग्नी निघेना. तपोधन, जितेंद्रिय, वातातपसहिष्णू म्हणून मिरवणारे महामुनी दोन्ही हात काखेत घालून जप करू लागले; माळ कोण ओढत होते, देव जाणे.

अखेर ऋषींनी आपल्यातले सर्वांत बोलके असे शीतालु मुनी सूर्याकडे पाठवले. त्यांची दाढी वाटेतच थिजून कमंडलूला चिकटली होती, त्यामुळे नमस्कार करताना त्यांना कमंडलूही वाकवावा लागला.

"हे त्रैलोक्यदीपा, हे तमोहरा, हे कमलिनीवल्लभा," शीतालु कुडकुडत म्हणाले, "तू पुढे सरकल्याखेरीज उत्तरेकडे वळणार नाहीस, आणि तू वळल्याखेरीज आमची पाठ शेकणार नाही. कृपा कर. मकरात प्रवेश कर."

सूर्य खिचडीचे पान सारून गरजला, "मुने! समुद्र मर्यादा सोडील, मेरू चळेल, पण ज्याला मी पुत्र मानले नाही त्याच्या उंबऱ्याला माझा चरण लागणार नाही!"

"मग देवा, निदान माझी दाढी तरी सोडवून दे," शीतालु म्हणाले.

हे सगळे सूर्याचा सारथी अरुण ऐकत होता. अरुण म्हणजे गरुडाचा थोरला भाऊ. त्याला कमरेखाली मांड्या नव्हत्या. रथाच्या धुरेवर बसून राहणे एवढाच त्याचा जन्म, पण जीभ भलतीच चपळ. त्याने बृहस्पतींकडे पाहिले, बृहस्पतींनी त्याच्याकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहुण्याच्या पानात खिचडी दुप्पट पडली, तूप तिप्पट पडले. सूर्यनारायण रथात बसता बसताच पेंगू लागले. बृहस्पतींनी स्वतःच्या हाताने रथात शिदोरी ठेवली, गुळाची ढेप आणि खडीसाखरेचे गाठोडे. आणि देवगुरूंना एवढ्या लगबगीने काम करताना त्यापूर्वी किंवा त्यानंतर कुणी पाहिलेले नाही. अरुणाने लगाम ओढला. सात घोडे दक्षिणेला निघाले.

सूर्याला जाग आली तेव्हा रथ मकराच्या दाराशी उभा होता.

दारात सडा घातलेला, उंबऱ्यावर रांगोळी, आणि पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन मान खाली घातलेला काळासावळा तरुण. मागे चौकटीला धरून छाया. तिने नुसते म्हटले, "या."

सूर्याचा संताप अनावर झाला. आपल्याला फसवून आणले! त्याने डोळे उघडले ते प्रलयकाळी उघडावे तसे. एक ज्वाळा अशी सुटली की तुळया, वासे, कौले, गोठा, कणगी, सगळे क्षणात धडधडून पेटले. गव्हाची राख झाली, तांदळाचा धूर झाला, वर्षाचे सरपण एका दमात भस्म झाले. ज्याच्या पायगुणाने शेते पिकतात, त्याच्याच पायगुणाने लेकाचे घर बसले. उरले फक्त एका मडक्यातले तीळ. ते आधीच काळे. अग्नीला वाटले असेल, हे आपलेच उरकलेले काम आहे.

शनी जागचा हलला नाही. हातातल्या तांब्यातले पाणी खदखदा उकळले, बोटे पोळली, पण तांब्या खाली ठेवला नाही आणि मान वर केली नाही. लोकहो, इथे जरा थांबा. त्याने मान वर केली असती, बापाकडे एकदाच रोखून पाहिले असते, तर त्या सहस्ररश्मीचे काय झाले असते हे मी सांगायला नको. त्याने पाहिले नाही. धुरेवर बसलेल्या अरुणाच्या मात्र हे ध्यानात आले.

"आता घरच उरले नाही," सूर्य म्हणाला, पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही. "घर नाही तर उंबरा नाही, आणि उंबरा नाही तर पाहुणा नाही. अरुणा, रथ हाक."

"घोडे पाय उचलत नाहीत, देवा," अरुण म्हणाला. त्याने लगाम दोन्ही हातांनी घट्ट मागे ओढून धरला होता, ही गोष्ट वेगळी.

छाया राखेतून पुढे आली. "थांबावे. दाराशी आलेल्याच्या हातावर काही ठेवल्यावाचून त्याला जाऊ द्यायचे नाही, अशी या घरची रीत आहे."

"घर जळले, छाये."

"घर जळले. रीत लाकडाची नव्हती."

छायेने मडक्यातले तीळ काढले, रथातली शिदोरी उतरवून घेतली, राखेतून तांब्याची परात ओढून काढून पदराने पुसली, आणि मग कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे पाहिले.

"विस्तव हवा. सरपण तर नाथांनी एका घासात संपवले. तेव्हा आता चूल आपणच व्हावे."

"मी? चूल?" ब्रह्मांडनायक गरजला. वर आकाशात जमलेल्या देवांपैकी कुणीतरी हसले. कोण हसले ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही. त्याच्याकडे माझे काम आहे.

पण दारातून न खाता उठून जाणाऱ्या पाहुण्याला देवलोकात काय म्हणतात हे सूर्याला ठाऊक होते. तो मुकाट्याने बसला. परातीत तीळ पडले. छायेने खडीसाखरेचा पाक केला आणि शनी परातीशी मांडी घालून बसला. तिळांवर पाकाचा एकेक थेंब टाकायचा, बोटांनी हलवत राहायचे, थेंब सुकला की पुढचा टाकायचा, असे ते काम. सूर्याला पहिल्या थेंबालाच उबग आला. त्याने जरा तेज वाढवले. पाक करपला, तिळांचा काळा दगड झाला. छायेने तो काढून टाकला आणि नवे तीळ घेतले. तेही करपले.

"एवढा वेळ कशाला?" सूर्य चिडला. "माझ्या एका किरणात अख्खे रान पिकते!"

तेव्हा अरुण धुरेवरून बोलला. "देवा, माझ्या मांड्या कुठे गेल्या, कधी विचारले नाहीत."

"त्याचा इथे काय संबंध?"

"मी अंड्यात होतो. बाहेर यायला काळ लागणार होता. शेजारी सवतीची अंडी फुटून पोरे खेळूही लागली, आणि आमच्या मातोश्री विनता यांना धीर धरवेना. अंडे फोडून त्यांनी आत पाहिले. वरचा अर्धा मुलगा तयार होता, खालचा व्हायचा होता. रागाच्या भरात मी जन्मदात्रीला दासी होण्याचा शाप दिला, तो तिने भोगला. ती घाईत, मी रागात. असे माझे अर्धे अंग उतावळेपणाला गेले. आपण आपले पूर्ण आहात. आपण खुशाल घाई करावी."

सूर्याचे तेज उतरू लागले. पांढरे होते ते पिवळे झाले, पिवळे होते ते कोवळे झाले. परातीखाली असा मऊ निखारा धुमसू लागला, की हात ठेवला तर चटका बसू नये, नुसती ऊब लागावी. शनी थेंब टाकी, बोटे फिरवी, थांबे. सावकाशपणा त्याला शिकवावा लागला नाही. तो जन्मभर तेवढेच करत आला होता. बाप निखारा सांभाळू लागला, लेक पाक सांभाळू लागला. दोघांना एकमेकांशी बोलायचे कारण नव्हते, म्हणून दोघे प्रथमच एका जागी बसले.

मान खाली घातलेल्या शनीची नजर तिळांवर पडत होती. जिने राज्ये बुडवली ती नजर, आणि ज्याने घर जाळले ते तेज, एका परातीत भेटले. आणि पाहता पाहता प्रत्येक तिळाच्या अंगावर बारीक, पांढरे, टोकदार काटे फुलू लागले, चांदण्या फुटाव्यात तसे. आजही घाई करणाऱ्याच्या हलव्याला काटे येत नाहीत. शेजारणीच्या हलव्याला येतात आणि आपल्या का येत नाहीत, असे विचारणाऱ्यांनी आपापला स्वभाव तपासावा. साखरेला दोष देऊ नये.

सूर्याचे लक्ष लेकाच्या बोटांकडे गेले. फोड आले होते.

"भाजत नाही का?" हा बापाने लेकाला विचारलेला पहिला प्रश्न.

"सवय आहे, तात."

छायेने तोंड फिरवले आणि ती हलवा ओवू लागली. ग्रहांच्या सभेत सगळ्यांच्या अंगावर रत्ने. शनीला कुणी कधी एक मणीही दिला नव्हता, द्यायला जवळ कोण जाणार? आईने लेकाच्या गळ्यात हलव्याचा हार घातला, मनगटांत हलव्याची कडी बांधली, कपाळावर हलव्याचा मुकुट ठेवला. त्या काळ्याभोर अंगावर ते पांढरे दाणे असे उठले, की अवसेच्या आकाशात सगळी नक्षत्रे एकदम यावीत. सोन्यासारख्या झळझळीत अंगावर ते दिसलेच नसते. त्या दिवसापासून संक्रांतीला काळे वस्त्र नेसतात, बाळांना काळे झबले घालून वर हलव्याचे दागिने चढवतात, आणि एरवी काळ्याला नाके मुरडणाऱ्या सासवा स्वतः काळी चंद्रकळा पसंत करून आणतात.

सूर्य पाहतच राहिला. "मान वर कर," तो म्हणाला.

"नको, तात. माझी दृष्टी वाईट आहे."

"परातीवर पडली तेव्हा काय झाले, ते मी पाहिले. वर कर."

शनीने मान वर केली. बापलेकांची नजरानजर झाली. घर नव्हतेच, त्यामुळे जळण्यासारखे काही नव्हते. सूर्याचे तेज त्या नजरेने किंचित मंदावले, एवढेच. आणि त्या दिवसांतले ऊन पाठीवर घेऊन बसावेसे वाटते, ते त्यामुळे.

इथे कथा गोड होऊन संपायची. पण नवरा तो नवराच. सूर्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "तरी छाये, हा वर्ण..."

छायेने पुढचा शब्द येऊ दिला नाही. उरलेल्या तिळांत गुळाचा पाक घालून तिने लाडू वळले होते, आणि पाक मुद्दाम जरा चिवट ठेवला होता. एक तिने नवऱ्याच्या हातावर ठेवला, एक लेकाच्या. "खावे," ती म्हणाली, "आणि मग गोड बोलावे." दोघांनी तोंडात टाकले. दातांना दात चिकटले. सबंध प्रहरभर दोघांनाही तोंड उघडता आले नाही, आणि त्या कुळात तेवढी शांतता त्यापूर्वी कधी नांदली नव्हती. गोड बोला, असे आपण म्हणतो खरे. पण तीळगुळाचे मूळ काम बोलणे बंद करण्याचे आहे, हे जाणते लोक ओळखून आहेत.

दात सुटल्यावर सूर्य प्रसन्न होऊन म्हणाला, "वत्सा, ज्या हातांनी तू हा हलवा केलास, ते हात मी पोळले होते. वर माग. राज्य माग, वर्ण माग, माझ्यासारखी कांती माग."

शनीने विचार करायला त्याच्या रीतीप्रमाणे वेळ घेतला. "कांती नको," तो म्हणाला. "आपण इथे आहात तोवर रोज कालच्यापेक्षा थोडे जास्त थांबावे."

"थोडे म्हणजे किती?"

शनीने परातीतून एक दाणा उचलला. "तिळाएवढे."

"तथास्तु!" सूर्य म्हणाला. आकाशातून फुले पडली. पृथ्वीवर शीतालु मुनींची दाढी कमंडलूपासून सुटली. तेव्हापासून सूर्य मकरात शिरला की दिवस तिळातिळाने वाढतो. तो उत्तरेकडे वळतो, आणि त्या दिवशी माणसे एकमेकांच्या हातावर तीळगूळ ठेवतात, वैऱ्याच्याही.

तीळगूळ मात्र त्या रात्रीत संपला, आणि दुसरी सकाळ उजाडली. त्या दिवशी सूर्याने एक प्रश्न विचारला, त्याला एक उत्तर मिळाले, आणि मग दिवस मावळेपर्यंत त्याने एक अक्षर काढले नाही. किंक्रांतीच्या त्या करिदिनाला आपण आजही कुठलेही शुभकार्य आरंभत नाही. खुद्द सूर्यनारायण ज्या दिवशी तोंड लपवून होते, त्या दिवशी मुहूर्त कुणाला विचारणार?

राखेवर नव्या घराच्या मेढी रोवल्या जात होत्या. शनी पाठमोरा, आपल्या सावकाश चालीने वासा वाहून नेत होता. सूर्य कौतुकाने बघत होता. आणि तीळगुळाचा शेवटचा कण दाताखालून गेल्याबरोबर जुना प्रश्न त्याच्या तोंडातून सुटलाच.

"देखणा आहे, छाये. कष्टाळू आहे, धीराचा आहे. सगळे मान्य. मी गोडच बोलतो आहे. पण एवढा काळा, हा गेला तरी कुणावर?"

छाया मेढीभोवतीची माती पायाने दाबत होती. तिने मान वर केली नाही.

"हा पोटात होता, तेव्हा आपण प्रसन्न व्हावे म्हणून मी वैशाखाच्या भर दुपारी उघड्या माळावर तप केले, नाथ. सावलीने सावली तरी कुठे शोधायची? आपल्याकडे बघत उभी राहिले, आणि गर्भ पोटातल्या पोटात रापला. लोकांची मुले बापाचे नाक घेऊन येतात, डोळे घेऊन येतात. याने आपले ऊन तेवढे घेतले. आता आपणच सांगावे, कुणावर गेला आहे?"